रुंद चाकं, कमी उंची: माझदा एमएक्स-५ च्या सस्पेन्शनच्या नोंदी

गाडी माझदा एमएक्स-५, दुसरी पिढी, म्हणजे एनबी. चारही कोपऱ्यांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी धरलेलं. मूळ चाकं १५×६ (व्यास आणि रुंदी, इंचांत), ईटी ४० (ईटी म्हणजे ऑफसेट: गाडीवर टेकणारी बाजू चाकाच्या मध्यापासून किती मिमी बाहेर), टायर १९५/५० आर १५. बसवायची आहेत १५×८, ईटी २५, टायर २०५/५० आर १५. मूळ स्प्रिंग आणि शॉकच्या जागी आटेवाले कॉइलओव्हर (शॉक आणि त्याभोवतीची स्प्रिंग यांचा एकत्र जोड) येणार आहेत. स्प्रिंगची बैठक वरखाली करता येतेच, शिवाय खालचा ब्रॅकेट फिरवून शॉकची पूर्ण लांबीही बदलता येते, त्या प्रकारचे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्याच्यापाशी झाला आहे.

८ नोव्हेंबर

आज फक्त मापं. गाडीची उंची जमिनीपासून मोजायची नाही, टायर बदलला की ते माप बाद होतं. हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. आजचे आकडे: पुढे डावीकडे ३५२, उजवीकडे ३५४, मागे डावीकडे ३५८, उजवीकडे ३५५ मिमी. जुनी स्प्रिंग आहे, दोन-तीन मिमीचा फरक असणारच.

आता चाकाचा हिशोब. ६ इंच म्हणजे १५२.४ मिमी, निम्मे ७६.२. ८ इंच म्हणजे २०३.२, निम्मे १०१.६. यातून ऑफसेट वजा केला की रिमची बाहेरची कड हबपासून किती लांब ते कळतं: आधी ३६.२, आता ७६.६. म्हणजे कड ४०.४ मिमी बाहेर येणार. आतल्या बाजूला ऑफसेट मिळवायचा: ११६.२ चे १२६.६, म्हणजे शॉकच्या दिशेने १०.४ मिमी आत.

४० हा आकडा पाहून बरेच जण इथेच हात टेकतात. पण घासतो तो टायर, रिम नव्हे. टायरची छापील रुंदी एका ठरावीक रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी फुगतो. २०५ चा टायर ८ इंची रिमवर चढवून मोजला तर सर्वात फुगीर जागी २२० भरला. जुना १९५ च्या आसपास. निम्मा फरक १२.५, आणि ऑफसेट कमी झाल्यामुळे चाकाचा मध्य १५ मिमी बाहेर. म्हणजे टायरची बाहेरची बाजू २७-२८ मिमी बाहेर येते आणि आतली बाजू उलट दोन-अडीच मिमी शॉकपासून दूर जाते. आतून काळजी रिमच्या कडेची, बाहेरून टायरच्या खांद्याची. दोन्हीकडे वेगवेगळी वस्तू मोजायची आहे हे डोक्यात पक्कं असू द्या.

एक बारीक गोष्ट: रिमची रुंदी टायर बसतो त्या दोन खाचांमध्ये मोजतात, बाहेरच्या कडांमध्ये नाही. पट्टी लावली तर ८ इंची रिम ९ इंचांच्या जवळ दिसते. चुकीचं चाक आलं म्हणून खोकं परत पाठवू नका.

टायरचा व्यास ५७६ वरून ५८६ मिमी. त्रिज्या २९३. हा २९३ चा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

९ नोव्हेंबर

खालच्या आर्मचे उत्केंद्री बोल्ट, म्हणजे ज्यांची चकती मध्यापासून सरकलेली असते आणि जे फिरवून कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) व टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) बदलतात, ते प्रत्येक खालच्या आर्मला दोन, गाडीला एकूण आठ. सगळ्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. तारेच्या ब्रशने आटे साफ केले. प्रत्येक चकतीच्या आत्ताच्या जागेवर रंगाची रेघ मारली. ही रेघ विसरू नका. अलाइनमेंटपर्यंत गाडी चालवत न्यायची असेल तर परत जुळवायला तेवढाच आधार असतो.

रोज थोडं थोडं तेल. काम सुरू व्हायच्या आत डबा निम्मा. नमनालाच घडाभर तेल गेलं.

१५ नोव्हेंबर

जुने शॉक काढले. क्रम असा ठेवला: चाकं काढून गाडी चार घोड्यांवर (लोखंडी तिवयांवर), अँटी-रोल बारच्या (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडवल्या, वरचे दोन नट ढिले करून ठेवले पण काढले नाहीत, खालचा शॉकचा बोल्ट काढला, मग वरचे नट काढून शॉक तिरका करून बाहेर. शॉकच्या डोक्यावरच्या मधल्या नटाला गाडीवर हात लावायचा नाही, आत दाबलेली स्प्रिंग असते.

पुढचे शॉक बाहेर यायला वरचा आर्म आड येतो. आर्मचा लांब बोल्ट काढून आर्म बाजूला केला तर जागा होते. काही जण नकलचा (हब धरणाऱ्या तुकड्याचा) वरचा सांधा सोडवतात. त्यात रबरी टोपी फाटायची भीती जास्त, म्हणून ते टाळलं.

आठपैकी सात उत्केंद्री बोल्ट सुटले. मागचा उजवा, पुढच्या बाजूचा, बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या) लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला. नट निघाला, बोल्ट फिरतो, पण नळीसकट फिरतो आणि रबर पिळलं जातं. हातोडा, गरम हवा, पुन्हा तेल, अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी बुशच्या दोन्ही बाजूंनी पात्याच्या करवतीने कापून काढला. नवा बोल्ट, दोन चकत्या आणि बुश मागवावं लागलं. सामान येईपर्यंत आठवडा फुकट. जुन्या गाडीवर हे काम करायला घेणार असाल तर या बोल्टचा निदान एक जोड आधीच आणून ठेवा. पैसे फार नाहीत, थांबण्याचा त्रास जास्त.

नवे बोल्ट बसवताना बोल्टच्या मधल्या भागाला भरपूर ग्रीस लावलं, आट्यांना नाही.

२२ नोव्हेंबर

कॉइलओव्हर जुळवले. यात सर्वात जास्त गैरसमज स्प्रिंगच्या बैठकीबद्दल आहे, म्हणून जरा सविस्तर.

बैठक वर फिरवली की स्प्रिंग “कडक” होते असं सर्रास सांगतात. स्प्रिंगचा कडकपणा तारेवर आणि वेटोळ्यांवर असतो, बैठकीवर नाही. गाडीचं वजन तेवढंच, म्हणून जमिनीवर उभ्या गाडीत स्प्रिंग तेवढीच दबते. बैठक १० मिमी वर नेली तर गाडी उचलली जाते, एवढंच. बदलतं ते प्रवासाचं वाटप: वर दबायला किती जागा आणि खाली लटकायला किती.

खालचा ब्रॅकेट फिरवला तर वाटप तेच राहतं, शॉकची अख्खी लांबी बदलते. विक्रेते याचा मोठा फायदा सांगतात: “उंची कमी करा, प्रवास कमी होत नाही.” खरं आहे. पण न कमी झालेला प्रवास चाकाला कुठे नेतो ते कोणी सांगत नाही.

बैठक एवढीच वर घेतली की चाक लटकत असताना स्प्रिंग हलणार नाही, वर साधारण २ मिमी दाब. खालचा ब्रॅकेट कंपनीने पाठवला त्या लांबीवर ठेवला. प्रत्येकाची लांबी कॅलिपरने मोजून लिहून ठेवली. आट्यांवर कोरडं वंगण. ओल्या ग्रीसवर धूळ बसून नंतर लॉक रिंग जाम होते.

२३ नोव्हेंबर

आजचं काम सर्वात महत्त्वाचं आणि सर्वात कंटाळवाणं. स्प्रिंग काढून, नुसता शॉक आणि त्याचा दांड्यावरचा रबरी थांबा ठेवून चाक पूर्ण वरखाली करायचं. स्प्रिंग असेल तर जॅकने गाडीच उचलली जाते, चाक कमानीत पूर्ण आत जात नाही.

पद्धत: गाडी घोड्यांवर, चाक बसवलेलं, टायरखाली लाकडी ठोकळा, त्याखाली जॅक. जॅक वर नेत राहायचं. रबरी थांबा टेकला की जोर लागतो. गाडी घोडीवरून जेमतेम उचलली जाईपर्यंत न्यायचं. तेव्हा थांब्यावर त्या कोपऱ्याचं उभ्या गाडीतलं वजन आलेलं असतं. रस्त्यावरच्या धक्क्यात यापेक्षा जास्त येतं, म्हणून इथे नुसती “लागत नाही” एवढ्यावर समाधान मानायचं नाही, काही मिमी हातात हवेत.

मडगार्डच्या आतल्या कडेला खेळण्यातली माती थापली होती. चाक वर नेऊन खाली आणलं की मातीत ठसा उमटतो आणि उरलेल्या मातीची जाडी म्हणजे उरलेली फट. डोळ्यांनी पाहून अंदाज करण्यापेक्षा कितीतरी भरवशाचं.

निकाल:

पुढे, चाक सरळ: बाहेर ७ मिमी फट, आत रिम ते शॉक १४ मिमी. उत्तम. कॉइलओव्हरची स्प्रिंग मूळच्यापेक्षा अरुंद असते, त्याचा इथे फायदा झाला.

पुढे, स्टिअरिंग पूर्ण वळवून: पुढचा बंपर आणि मडगार्ड जिथे जोडले जातात तिथल्या स्क्रूला टायर लागतो. प्लॅस्टिकचं अस्तरही मागच्या खालच्या कोपऱ्यात घासतं.

मागे: दोन्ही बाजूंना मातीतून थेट पत्र्याला टेकला. आतल्या बाजूला दुमडलेली कड टायरच्या खांद्याच्या वाटेत ५-६ मिमी आडवी येते.

मागच्या आकड्यांचा अर्थ असा. मडगार्डची कड हबपासून ३२५ वर असेल तर टायरच्या माथ्यापासून ती ३२ मिमी वर आहे, कारण त्रिज्या २९३. तेवढं चाक वर गेलं की टायरचा खांदा कडेशी येतो. त्यापुढे टायर कमानीच्या आत शिरतो आणि कडेसमोर टायरचा अधिकाधिक फुगीर भाग येत जातो. म्हणून शेवटचे काही मिमी सगळ्यात महाग.

याच बैठकीत आणखी एक मोजून घेतलं: शॉक १० मिमी दबला की चाक किती वर जातं. पुढे साधारण १४, मागे १३. या गुणोत्तराशिवाय ब्रॅकेट किती फिरवायचा ते कळत नाही. आट्यांचं अंतर २ मिमी असेल तर एका पूर्ण फेऱ्यात पुढे २.८ मिमी उंची बदलते.

ब्रेकचा होस आणि एबीएसची तार चाक पूर्ण लटकवून पाहिली. ताण नाही.

२९ नोव्हेंबर

मागची कड वळवली. हबवर चार नटांनी बसणारं रोलर भाड्याने आणलं. रंग हीट गनने तापवायचा, हात ठेववणार नाही इतपत, पण फोड येणार नाही इतकाच. मग रोलर कडेवर टेकवून थोडासा दाब, मागेपुढे, पुन्हा गरम, पुन्हा थोडा दाब. घाई केली की कड वळायच्या ऐवजी बाहेरचा पत्रा लाटेसारखा उठतो. पहिली बाजू घाई न करताही तासन्‌तास खात होती. दुसरी बाजू निम्म्या वेळात झाली.

या गाडीच्या मागच्या कमानीत कड म्हणजे एक पत्रा नाही. आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे वेल्डच्या टिपक्यांनी जोडलेले आणि मध्ये सीलंट भरलेलं. वळवताना सीलंट तडकणारच. तडा दिसत नाही, पाणी मात्र आत जातं, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये साचलेलं पाणी कमान आतून कुजवतं. उजव्या बाजूला वरच्या रंगालाही केसाएवढी चीर गेली.

पुढे कड वळवायची गरज नाही. स्क्रूचं डोकं आतल्या बाजूने सपाट प्रकारचं घातलं, पट्टी किंचित वर वाकवली. अस्तर हीट गनने मऊ करून मागे दाबलं आणि थंड होईपर्यंत धरून ठेवलं.

३० नोव्हेंबर

वळवलेल्या कडेवरचं जुनं सीलंट खरवडलं, उघड्या लोखंडावर प्रायमर, वर सीम सीलर ब्रशने, वाळल्यावर रंग, वर दगडांपासून बचावाचा लेप. चिरेवर बाहेरून टच-अप. जवळून पाहिलं तर दिसतं.

मातीची परीक्षा पुन्हा घेतली. मागे आता ४ मिमी फट. मोहीम फत्ते, असं वहीत लिहिलं आहे. ते खोडलेलं नाही, वाचायला मजा येते.

६ डिसेंबर

आज उंची लावायची. त्याआधी जमीन. डोळ्यांना सपाट दिसणारी फरशी सपाट नसते. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांच्या जागी पातळी पाहिली: मागचा डावा कोपरा ९ मिमी खाली. त्या चाकाखाली प्लायचे तुकडे घातले. बाकीच्या चाकांखाली प्लॅस्टिकच्या दोन चादरींमध्ये ग्रीस, म्हणजे गाडी खाली सोडल्यावर टायर बाजूला सरकू शकतो. हे केलं नाही तर जॅकवरून उतरवलेली गाडी अवघडल्यासारखी उंच उभी राहते आणि सगळी मापं खोटी येतात.

अँटी-रोल बारची एक बाजू सोडवलेली. बार जोडलेला असेल तर एका कोपऱ्याची उंची बदलताना तो दुसऱ्या कोपऱ्याला ओढतो. चालकाच्या सीटवर चालकाच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या. दोन सीटच्या हलक्या गाडीत हा फरक डावी-उजवीकडे चांगला दिसतो.

सगळे बुश अजून ढिलेच होते. आर्मचे बोल्ट चाक लटकत असताना आवळायचे नाहीत. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. लटकत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली उतरल्यावर ते कायम पिळलेलं राहतं, स्प्रिंगसारखं गाडीला वर ढकलतं आणि लवकर फाटतं. गाडी चाकांवर उभी, उंची जवळपास ठरलेली, मग आवळायचं. चाकांखाली लाकडी ओंडके घालून खाली झोपून, मॅन्युअलमधला टॉर्क पाहून आवळले. मग गाडी थोडी पुढेमागे ढकलून, बंपर दाबून पुन्हा मापं.

पहिल्यांदा जी उंची आली: पुढे ३२९, मागे ३३४. पुढे ३१८ आणि मागे ३२५ करायची होती, म्हणून पुढचे ब्रॅकेट ८ मिमी आणि मागचे ७ मिमी आत फिरवले. आले पुढे ३१८, मागे ३२५, डावी-उजवीकडे २ मिमीच्या आत. लॉक रिंग आवळल्या. नवी चाकं चढवली: हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमी, चाकाचं भोक ७३.१, मधली फट भरायला रिंग. रिंग नसेल तर चाक नटांच्या भरवशावर मध्यात बसतं आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. नट एम१२×१.५, आवळले ११० न्यूटन-मीटरवर, चौकडीच्या क्रमाने.

गाडी फारच देखणी दिसत होती.

७ डिसेंबर

एकट्याने चालवून पाहिली, काही आवाज नाही. शेजारच्या सीटवर माणूस बसवून रस्त्याच्या एका खोलगट जागेतून मध्यम वेगाने गेल्यावर मागून “खर्र” आला. दोन्ही बाजूंनी. घरी येऊन पाहिलं तर टायरच्या बाजूवर चमकदार गोल पट्टा आणि कडेवरचा नवा लेप सोललेला.

मातीच्या परीक्षेत ४ मिमी फट होती, तर आता घोडं कुठे पेंड खातंय? वहीतले आकडे समोर ठेवले तेव्हा उत्तर मिळालं. परीक्षा घेतली तेव्हा शॉकची लांबी कंपनीची होती. काल उंची कमी करण्यासाठी ब्रॅकेट ७ मिमी आत फिरवला. शॉक आखूड झाला, प्रवास तेवढाच राहिला, म्हणजे पूर्ण दबलेल्या स्थितीत चाक ७ × १.३, जवळजवळ ९ मिमी जास्त वर जायला लागलं. कडेसमोर टायरचा अधिक फुगीर भाग आला आणि ४ मिमीची फट संपली.

आता मूळ मुद्दा मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखा. चाक मडगार्डला लागेल की नाही हे उभ्या गाडीची उंची ठरवत नाही. ते पूर्ण दबलेल्या शॉकची लांबी आणि थांबा ठरवतात. बैठक खाली घेऊन गाडी २० मिमी उतरवली तर चाकाचं शेवटचं ठिकाण बदलत नाही, फक्त तिथे वारंवार पोचतं. ब्रॅकेट फिरवून उतरवली तर शेवटचं ठिकाणच वर सरकतं. दोन्ही गाड्या उभ्या असताना एकसारख्या दिसतील.

त्यामुळे “माझी गाडी इतक्या उंचीवर इतकी रुंद चाकं घेते” या वाक्यातून काहीच कळत नाही, शॉकचा प्रकार आणि थांब्याची लांबी सांगितल्याशिवाय.

१३ डिसेंबर

उपाय तीन होते.

ब्रॅकेट पूर्ववत ७ मिमी बाहेर आणि बैठक ७ मिमी खाली. उंची तीच, शेवटचं ठिकाण सुरक्षित. पण स्प्रिंगवर फक्त २ मिमी दाब होता. चाक लटकल्यावर ५ मिमी सैल होणार, खडखडणार. त्यासाठी छोटी सहायक स्प्रिंग घालावी लागते आणि या शॉकमध्ये तिला जागा नाही.

दुसरा: दांड्यावर थांब्याच्या वर ७ मिमीचे पॅकर (जाडी भरणारे तुकडे). उंची तीच, थांबा लवकर टेकतो. मागच्या प्रवासातून तेवढे मिमी कायमचे जातात.

तिसरा: उंचीचा हट्ट सोडायचा.

निम्मा-निम्मा केला. मागचा ब्रॅकेट ४ मिमी बाहेर, त्याने उंची ३२५ ची ३३० झाली. उरलेले ३ मिमी पॅकरने भरले. एका बाजूला चीर असलेले प्लॅस्टिकचे पॅकर मिळतात, ते धुळीची टोपी वर सरकवून दांड्यावर नुसते दाबून बसवता येतात, शॉक खोलावा लागत नाही. ४ अधिक ३ म्हणजे ७, शेवटचं ठिकाण परीक्षेच्या जागी परत.

पुढे फट जास्त होती, पण तिथेही ८ मिमी आत गेलो होतो, म्हणजे चाक ११ मिमी वर. स्प्रिंग पुन्हा काढून मातीची परीक्षा घेतली: सरळ चाकाला ३ मिमी उरले. पुरेसं वाटलं नाही. ब्रॅकेट ३ मिमी बाहेर, उंची ३२२.

आर्मचे बोल्ट पुन्हा ढिले करून पुन्हा आवळले. ५ मिमीच्या बदलाला ते गरजेचं आहे का यावर दोन मतं असू शकतात. खाली झोपलोच होतो, करून टाकलं.

२० डिसेंबर

अलाइनमेंट. इथे आणखी एक समजूत मोडली.

“घासत असेल तर निगेटिव्ह कॅम्बर वाढवा, टायर वरून आत जाईल” हा सल्ला सगळीकडे मिळतो. स्ट्रट असलेल्या (वरच्या आर्मऐवजी शॉकच चाक धरतो अशा) गाडीत शॉकचं डोकं आत सरकवता आलं तर तो खराही असतो. पण या गाडीत कॅम्बर खालच्या आर्मच्या उत्केंद्री बोल्टने बदलतो. खालचा सांधा बाहेर ढकलला जातो आणि चाक वरच्या सांध्याभोवती फिरतं. वरचा सांधा माझ्या मापाने हबच्या मध्यापासून सुमारे १६० मिमी वर आहे, आणि मडगार्डची कड पूर्ण दबलेल्या स्थितीत सुमारे २६० वर. म्हणजे फरक फक्त १०० मिमीचा. एक अंश कॅम्बर वाढवला की कडेपाशी टायर जेमतेम पावणेदोन मिमी आत जातो. हबभोवती फिरला असता तर साडेचार गेला असता. शिवाय हब स्वतःच २.८ मिमी बाहेर येतो आणि टायरचा तळ ८ मिमीच्या आसपास.

थोडक्यात, या बोल्टने फट मिळवायला गेलात तर टायरची आतली कड झिजवून दीड-दोन मिमी कमवाल. वरच्या आर्मला आखूड किंवा जुळवता येणारा पर्याय घातला तर गोष्ट वेगळी.

गाडी खाली आल्यामुळे कॅम्बर आपोआप वाढलेला होताच. अखेरची मापं: पुढे कॅम्बर उणे १.८ अंश, टो शून्य. मागे उणे २.०, टो-इन प्रत्येक बाजूला १ मिमी. कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) दोन्हीकडे ५ अंशांच्या थोडा वर आणि एकसारखा. मागचा टो शून्य ठेवू नका. छोट्या व्हीलबेसची मागून ढकलली जाणारी गाडी ब्रेक लावताना मागून वळवळते.

अलाइनमेंटवाल्याने सीटवर वजन ठेवायला आधी नकार दिला, मग ठेवू दिलं. नवा बोल्ट सहज फिरला. बाकीच्या सातांपैकी एक पुन्हा जड झालेला.

याच्या आधी, घासाघाशी मिटायच्या आत, ७ तारखेनंतर लगेच एकदा अलाइनमेंट करून घेतली होती. ते पैसे पाण्यात. उंची कायम ठरल्याशिवाय अलाइनमेंटला जाऊ नका, हे सगळ्यांना माहीत असतं.

२१ डिसेंबर

तीच खोलगट जागा, शेजारी माणूस, सामानाच्या जागेत पिशव्या. आवाज नाही. मागच्या शॉकच्या दांड्यावर केबल-टाय बांधला होता; तो सरकून थांब्याला टेकलेला होता, म्हणजे प्रवास पूर्ण वापरला गेला. तरी पत्र्याला स्पर्श नाही. मातीचा पातळ थर कडेवर ठेवला होता, त्यावर ठसा नाही.

स्टिअरिंग पूर्ण वळवून उतारावरून तिरकं उतरताना पुढचं डावं अस्तर अजून हलकं पुसतं. प्लॅस्टिकच आहे. राहू दे.

चालवताना: कमी वेगात स्टिअरिंग जड झालं आहे आणि रस्त्यावरच्या लांब चाकोऱ्यांमध्ये गाडी त्यांच्या मागे जायला बघते. ऑफसेट १५ मिमीने कमी झाला की टायरचा मध्य स्टिअरिंगच्या अक्षापासून तेवढा बाहेर जातो, त्याचा हा परिणाम. उंची किंवा अलाइनमेंट बदलून तो जात नाही. ज्यांना हे नको असेल त्यांनी चाक निवडतानाच ऑफसेट जास्त घ्यावा आणि शॉकच्या बाजूची जागा वापरावी. आत १४ मिमी मोकळे होते, १० मिमी सहज वापरता आले असते. पुन्हा चाकं घ्यायची वेळ आली तर मी ईटी ३५ च्या जवळपास पाहीन, आणि बहुधा मागची कडही वळवावी लागणार नाही.

वेगाचा काटा आता पूर्वीपेक्षा १.७ टक्क्यांनी कमी दाखवतो.

१० जानेवारी

पहिल्या काही फेऱ्यांनंतर चाकांचे नट तपासले: दोन किंचित ढिले निघाले, पुन्हा ११० वर. नव्या अलॉय चाकांना हे होतंच. लॉक रिंग सगळ्या जागच्या जागी. स्प्रिंग बसल्यामुळे उंची पुढे ३ आणि मागे २ मिमी उतरली आहे: ३१९ आणि ३२८. घासण्यावर याचा परिणाम नाही, कारण स्प्रिंग बसल्याने चाकाचं शेवटचं ठिकाण हलत नाही. कॅम्बर कणभर वाढला असेल, तेवढ्यासाठी परत जाणार नाही.

पुढच्यापेक्षा मागची बाजू कमी उतरली म्हणून हेडलाइटचा झोत जवळ पडत होता. स्क्रूने वर घेतला.

खर्चाचा क्रम, मोठ्यापासून लहानाकडे: कॉइलओव्हर, चाकं, टायर, दोनदा अलाइनमेंट, कापलेल्या बोल्टचं आणि बुशचं सामान, रोलरचं भाडं, सीलंट-रंग, पॅकर. शेवटची वस्तू सर्वात स्वस्त आणि आठवडाभर तिच्याचवाचून अडलं होतं.

वेळ सर्वात जास्त गंजलेल्या बोल्टने खाल्ला. त्याखालोखाल कड वळवण्याने.

जॅक आता पुढून आत जात नाही. चाक आधी दोन फळ्यांवर चढवावं लागतं. फळ्या चाकाइतक्याच रुंद घ्या, म्हणजे निदान २२ सेंटिमीटर. घरात होत्या त्या जुन्या चाकांच्या मापाच्या निघाल्या.

वळवलेल्या कडेवरचं सीलंट पाहिलं. उजवीकडे चिरेपाशी रंगाखाली छोटा फुगा दिसतो आहे. पावसाळ्याआधी खरवडून पुन्हा भरायचं.